वांगं म्हणा! बीजिंग, पिंगयाओ, शिज्याझुआंग

आमच्या घराचा खालचा मजला म्हणजे फोटो स्टुडिओ. सोलापुरात बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या हनुवट्या वर-खाली केल्या. आता तिथे झेरॉक्सचं मशीन आहे आणि 'अर्जंट पासपोर्ट फोटो' एवढीच पाटी उरली आहे. पण त्या घरात वाढल्यामुळे एक खोड मला कायमची लागली. कुठलाही फोटो पाहिला की आधी मनात येतं, हा काढायला कुणी सांगितलं असेल? ज्याचा आहे त्यानेच, की दुसऱ्याच कुणी?

सप्टेंबर २०२५ मध्ये चीनला जाऊन आलो ते ह्याच खोडीपायी. शान्शी प्रांतातल्या पिंगयाओ ह्या तटबंदीच्या गावात २००१ पासून सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव भरतो. जुन्या गिरण्या, देवळं, वाडे, सगळीकडे फोटो टांगतात. तो पाहायचा होता. शिवाय बीजिंग-पिंगयाओ रेल्वेच्या वाटेवर शिज्याझुआंग लागतं, आणि सोलापूरच्या माणसाने शिज्याझुआंगला न उतरता परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसतं चंद्रभागेत पाय धुऊन येणं. तिथे आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी आहे, हे बहुतेकांनी ओळखलं असेलच.

दिवस पहिला (शुक्रवार, १९ सप्टेंबर) : बीजिंग

मुंबई-हाँगकाँग-बीजिंग. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, हे देवाचे उपकार. हवा मात्र अनपेक्षित छान. निळं आभाळ, अंगाला न चिकटणारं ऊन. आपल्याकडे दिवाळीनंतर पडतं तसं.

सामान टाकून थेट वांगफूजिंग गाठलं. ह्या झगमगाटी बाजाररस्त्यावर 'चायना फोटो स्टुडिओ' आहे. मूळचा शांघायचा, १९३७ सालचा. राजधानीत चांगले शिंपी, न्हावी, फोटोवाले हवेत म्हणून १९५६ मध्ये सरकारने शांघायची बरीच दुकानं उचलून बीजिंगला आणली, त्यात हाही आला. चौ एन-लाय यांचं सगळ्यांत प्रसिद्ध पोर्ट्रेट ह्याच स्टुडिओने काढलेलं. बाबांना तो फोटो ठाऊक होता. "लाइट बघ, गालाच्या हाडावर कसा थांबलाय," असं ते म्हणायचे.

आत काउंटरवर गर्दी होती ती एका विशिष्ट फोटोसाठी. लाल पडदा, पांढरे शर्ट, दोन डोकी एकमेकांकडे किंचित कललेली. चीनमध्ये लग्न म्हणजे आधी नोंदणी कार्यालयात जाऊन लाल पुस्तिका घेणं, आणि त्या पुस्तिकेतला फोटो लाल पार्श्वभूमीवरच लागतो. माझ्यासमोरच्या जोडप्यातल्या मुलाचा शर्ट ढगळ होता. मदतनीस मुलीने मागे जाऊन पाठीवर दोन चिमटे लावले, समोरून शर्ट एकदम मापात. मला हसू आवरेना. बाबांकडे गिऱ्हाइकांसाठी एकच काळा कोट होता, पाठीवर उभा फाडलेला. सोलापुरातले निम्मे नवरदेव त्या कोटात आहेत.

फोटोग्राफर ओरडला, "ई, अर, सान…" आणि दोघं एका सुरात म्हणाले, "छ्येझ!" छ्येझ म्हणजे वांगं. हा शब्द म्हणताना ओठ आपोआप ताणले जातात म्हणून अख्खा चीन फोटो काढताना वांगं म्हणतो.

हा लाल फोटो काढणारे मधे एकदम कमी झाले होते. २०२३ मध्ये चीनमध्ये ७६.८ लाख विवाहांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये ती ६१ लाखांवर आली. वर्षभरात पाचवा हिस्सा गळाला. सरकारने मे २०२५ पासून नियमही सैल केले. पूर्वी नवरा-नवरीपैकी एकाचं कायमचं नोंदलेलं गाव असेल तिथेच जावं लागे, आता देशात कुठेही नोंदणी होते. हे दोघं आन्हुई प्रांतातले, नोकरी बीजिंगमध्ये. नव्या नियमाने गावी जाण्याचं तिकीट वाचलं, असं मुलगा म्हणाला. मुलगी म्हणाली, "तिकीट वाचलं, पण आत्या-मावश्या वाचल्या नाहीत. सगळ्यांना फोटो पाठवायचाय." भाषांतराच्या ॲपने आत्या-मावश्यांचं नेमकं काय केलं ते देव जाणे, पण भाव पोचला.

जाता जाता सांगायचं तर, पैसे फोनवरच चालतात. अलीपे ॲपमध्ये आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्यापूर्वीच जोडून, पासपोर्टने ओळख पटवून ठेवा. मी गेलो तेव्हा एक युआन म्हणजे साधारण १२ रुपये होते. व्हॉट्सॲप, गुगल तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर उघडतात. मी रोमिंग घेतलं आणि आईचे 'जेवलास का' अखंड येत राहिले.

दिवस दुसरा (शनिवार) : पानज्यायुआन

पानज्यायुआन हा बीजिंगचा जुना बाजार. शनिवार-रविवारी अगदी पहाटेपासून भरतो. मी साडेसहाला पोचलो तर मला उशीर झाला होता. वाटेत गाडीवर च्येनबिंग खाल्लं. तव्यावर मुगाच्या पिठाचं पातळ घावन, त्यावर अंडं फोडून पसरायचं, कांद्याची पात, कोथिंबीर, गोडसर तिखट सॉस आणि मधे कुरकुरीत तळलेली पापडी. गरम गरम घडी करून हातात. ह्या एका पदार्थावर मी उरलेले दिवस सुखाने काढले असते.

बाजारात जेडचे बुद्ध आणि माओचे बिल्ले ओलांडून मागच्या बाजूला गेलं की जुनी पुस्तकं, पत्रं, आणि फोटो. चपलांच्या खोक्यांत, बशांमध्ये, फोटोच फोटो. कृष्णधवल, आगपेटीएवढे, कडा नक्षीदार कातरलेल्या, खाली कोपऱ्यात स्टुडिओचं नाव उठवलेलं. बहुतेकांवर 'ल्यूनियान' हा शब्द, म्हणजे 'आठवणीसाठी'. विक्रेता काका साठीचे, थर्मासमधला चहा पीत बसलेले. त्यांनी वर्गवारी केली होती. लग्नाचे वेगळे, शिपायांचे वेगळे, बाळांचे वेगळे, आणि एका बशीत नुसत्या एकट्या बायका.

"हे येतात कुठून?" मी विचारलं.

"घरं पडतात. म्हातारी माणसं जातात. मुलांना नवीन फ्लॅटमध्ये जागा नसते. रद्दीवाला नेतो, माझ्याकडे आणतो."

१९६६ च्या आधीचे महाग का, हेही त्यांनीच सांगितलं. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत लोकांनी आपल्याच घरातले फोटो जाळले. आजोबा रेशमी झग्यात दिसले तर जमीनदार, काका जुन्या गणवेशात दिसले तर शत्रू. ज्यांनी जाळले नाहीत त्यांनी कात्री चालवली. त्यांनी एक फोटो काढून दाखवला. पाच जण ओळीत उभे, मधल्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी नाण्याएवढं गोल भोक. बाजूच्या बाईचा हात अजून त्याच्या खांद्यावर.

"राजकारण?" मी विचारलं.

काकांनी फोटो उलटा करून पाहिला. "कदाचित घटस्फोट," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. हसल्यावर मला जरा कसंतरी झालं.

ह्याच शहरात तोमा सोवँ नावाच्या फ्रेंच संग्राहकाने २००९ पासून लोकांच्या टाकून दिलेल्या निगेटिव्ह किलोवर विकत घेतल्या. शहराबाहेरच्या एका कारखान्यात चांदी काढण्यासाठी त्या एक्स-रेसोबत वितळवल्या जायच्या. त्याने पाच लाखांहून अधिक वाचवल्या. बहुतेक १९८५ ते २००५ ह्या काळातल्या, म्हणजे घराघरात स्वतःचा कॅमेरा येण्यापासून तो डिजिटल होईपर्यंतच्या. त्यातल्या काही मी पूर्वी पाहिल्या होत्या. नव्या फ्रिजच्या दारावर हात ठेवून उभी राहिलेली बाई, टीव्हीच्या शेजारी बसलेली बाई. बाबांना अशी आमंत्रणं यायची. नवी लूना घेतली, या फोटो काढायला. लूनाला हार, मालकाला टिळा, मालकीण मागच्या सीटवर आडवी बसलेली.

दहा युआनला एक, असे मी तीन फोटो घेतले. रात्री उत्साहाने आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "अरे, पितृपक्ष चालू आहे. उद्या सर्वपित्री. आणि तू कुणाचे तरी वाडवडील विकत घेऊन आलास?"

दिवस तिसरा (रविवार) : झोंगशान पार्क

तिआनानमेन चौकात जायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, ऐन वेळी सोडत नाहीत. ३ सप्टेंबरचं, जपानवरच्या ऐंशीव्या विजयदिनाचं संचलन होऊन अडीच आठवडे झाले होते, तपासणी कडकच होती. मी चौकाचा नाद सोडून शेजारच्या झोंगशान पार्कात गेलो, कारण तिथे आईबाप मुलांची लग्नं जुळवायला बसतात.

झाडांखाली ओळीने कागद मांडलेले. मुलगी, १९९२ चा जन्म, उंची १ मीटर ६५, पदव्युत्तर, सरकारी बँक, बीजिंगची कायम नोंदणी, स्वतःचं घर. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या वहीसारखंच, पत्रिका सोडून सगळं. नाही, पत्रिकाही आहे, जन्मवर्षाचा प्राणी लिहिलेला असतो. नसतो तो फोटो. इतक्या कागदांवर एकही चेहरा नाही. फोटो आईच्या फोनमध्ये. समोरच्याचा पगार आणि घर पटलं तरच फोन बाहेर निघतो. एका काकूंनी सांगितलं की ती इथे बसते हे मुलीला ठाऊकच नाही. "तिला कळलं तर महिनाभर बोलणार नाही."

इथे माझ्याकडून चूक झाली. एक वडील कागदामागे वर्तमानपत्र अंथरून डुलकी काढत होते, उन्हाची तिरीप बरोबर कागदावर. मी कॅमेरा उचलला आणि क्लिक केलं. शेजारचे गृहस्थ ताडकन उठले. आरडाओरडा नाही, पण बोट कॅमेऱ्याकडे आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा, "शान, शान." म्हणजे पूस. मी त्यांच्यासमोर फोटो पुसला, वाकून माफी मागितली. कागदावर त्या मुलीचा सगळा तपशील होता, फोन नंबरसकट. बाबांचा नियम होता, गिऱ्हाईक स्टुलावर नीट बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. रस्त्यावर फोटो काढणाऱ्या आम्हा नव्या लोकांना हा नियम मागासलेला वाटतो. त्या दिवशी नाही वाटला.

उरलेला दिवस कॅमेरा पिशवीतच होता. संध्याकाळी एका चौकात दगडी कट्ट्यावर बसून डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर पाहत होतो. पिवळे मेइत्वानचे, निळे अलमाचे, आणि आता लाल जेडीचे. फेब्रुवारीत जेडी ह्या धंद्यात उतरली आणि तेव्हापासून तिन्ही कंपन्यांत सवलतींचं युद्ध पेटलं. कॉफी, दूधचहा अक्षरशः चार-सहा युआनला घरपोच. एक पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला, हेल्मेट न काढता नूडल्स खाल्ल्या, पाच मिनिटांत उठला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. फोटो नाही.

दिवस चौथा (सोमवार) : पिंगयाओ

घटस्थापना. सकाळी आईने फोनवर घट दाखवला, तोवर माझी गाडी ताशी ३०० किलोमीटरने हपेई प्रांतातल्या मक्याच्या शेतांतून पळत होती. पासपोर्टधारकांना बहुतेक ठिकाणी कर्मचारी असलेल्या फाटकातून आत सोडतात, त्यामुळे अर्धा तास हाताशी ठेवा. डब्यात गरम पाण्याचा नळ असतो, चहाची पुरचुंडी आणि कप जवळ ठेवलात की चैन. आणि गावातल्या जुन्या स्टेशनाची गल्लत करू नका. वेगवान गाड्यांचं स्टेशन 'पिंगयाओ गूछंग', ते गावाबाहेर आहे.

पिंगयाओ पावसाने भिजलेलं होतं. करडी कौलं, करडी वीट, करडं आभाळ, मधेच लाल कंदील. तटबंदी सहा किलोमीटर घेराची आहे, आणि गाव १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथलीच रिशंगछांग ही १८२३ च्या सुमारास सुरू झालेली हुंड्यांची पेढी. चांदी न हलवता पैसा देशभर फिरवायची. 'हुंडी' हा शब्द आपल्याकडे असल्यामुळे मला गाईडची गरज लागली नाही. पाऊस मात्र ह्या गावाला हलक्यात घेता येत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अतिवृष्टीत तटाची आतली बाजू जवळजवळ २५ मीटर कोसळली होती.

महोत्सवाची एक जागा म्हणजे जुनी कापडगिरणी. दारातून आत शिरलो आणि पाय थबकले. उंच छप्पर, करवतीच्या दातांसारखे उत्तरेकडचे काचेचे झरोके, जमिनीवर मशीन उखडल्याच्या खुणा. सोलापुरात वाढलेल्या कुणालाही ही जागा सांगावी लागत नाही. फक्त आमच्याकडे तिथे बाभळी उगवल्या, इथे फोटो लागले आहेत.

आणि काय फोटो! एका भिंतीवर ईशान्येकडच्या बंद कारखान्यांतले निवृत्त कामगार, आपापल्या जुन्या यंत्राच्या जागी उभे. एकीकडे कोळशाच्या खाणीतले लोक, पाळी संपल्यावर, अंघोळीच्या आधी आणि नंतर, असे जोडीने. एकीकडे डोंगरातली शाळा, एक मास्तर आणि दोन मुलं. आईबाप शहरात कामाला, मुलं आजीजवळ गावात. अशा मुलांना तिथे 'मागे राहिलेली मुलं' असाच शब्द आहे. कारण गावाची नोंदणी शहरात चालत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी शाळेत प्रवेश अवघड. आमच्या बीड-जालन्याच्या ऊसतोड कामगारांची मुलं डोळ्यांसमोर आली. आपल्याकडे ह्या मुलांसाठी असा वेगळा शब्दसुद्धा नाही.

एका दालनात मोठ्या डोळ्यांच्या मुलीचा जुना फोटो दिसला आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. १९९१ मध्ये आन्हुईच्या जिनझाई परगण्यात शे हायलोंग यांनी काढलेला, हातात पेन्सिल घेतलेली शाळकरी मुलगी. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'आशा प्रकल्पा'चा हा चेहरा झाला, देशभर भिंतींवर लागला. त्या वयात तिला कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

दिवस पाचवा (मंगळवार) : पिंगयाओ

पाऊस थांबला आणि गावातून जणू दुसरंच राजघराणं बाहेर पडलं. दर दहा पावलांवर एक राजकन्या. केसांत फुलं, कपाळावर टिकली, पायघोळ रेशीम, आणि मागे गोल पांढरी पाटी धरून धावणारा पोरगा. ह्याला 'ल्यूपाय' म्हणतात, पर्यटन-फोटोग्राफी. वेशभूषा, मेकअप, केस, फोटोग्राफर आणि दुरुस्त केलेले फोटो, सगळं एका दरात. गल्लोगल्ली दुकानं. आम्हा जुन्या स्टुडिओवाल्यांना हे पाहून काय वाटलं असेल? मत्सर. शुद्ध मत्सर. पाठ फाडलेल्या कोटातून हे साम्राज्य उभं राहू शकतं हे बाबांना कुणी सांगितलं नाही.

चहाच्या टपरीवर अशाच एका राजकन्येने मला तिच्या मैत्रिणीसोबतचा फोटो काढायला सांगितलं. मुलगी तैय्युआनची, हिशेबनीस. तिला मुकुट टोचत होता. "आठवड्यातून सहा दिवस ऑफिस. बॉसचे मेसेज रात्री अकरालासुद्धा," ती म्हणाली. आजकाल तिथे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. एक 'ज्युआन', गुंडाळणं, म्हणजे सगळेच जास्त धावतात आणि पुढे कुणीच जात नाही. दुसरा 'थांगफिंग', आडवं होणं, म्हणजे धावायचंच सोडून देणं. मी विचारलं, तू ह्यातली कुठली? ती म्हणाली, "मी आडवी होऊ शकत नाही. हे केस बघा ना." तिचा फोटो मी तीनदा काढला, तिने दोनदा नापास केला. हे बरं वाटलं.

खाण्याचं सांगायला हवं. पिंगयाओ प्रसिद्ध आहे ते तिथल्या खारवलेल्या गोमांसासाठी, दुकानादुकानांत त्याचे ढीग. मी खात नाही, त्यामुळे त्याबद्दल मौन. पण 'वानथ्वो' खाल्लं. बशीत वाफवलेली पिठाची उकड, थंड झाल्यावर पट्ट्या कापून व्हिनेगर, लसूण आणि तिखट तेलात घोळलेली. आणि 'खाओलाओलाओ'. ओटच्या पिठाच्या बोटभर नळ्या, वेताच्या करंडीत एकमेकींना चिकटून उभ्या, थेट मधाचं पोळं. शान्शीचं काळं व्हिनेगर हा इथला गूळ-चिंच-कोकम, सगळं एकच. शाकाहारी मंडळींनी 'वो छ सू' एवढं पाठ करावं, आणि तरी ताटात बारीक खिमा सापडण्याची तयारी ठेवावी.

पैसे द्यायच्या वेळी फोन मेला. भाड्याची पॉवर बँक कोपऱ्याकोपऱ्यावर असते, पण ती घ्यायलाही फोनच लागतो. शंभरची नोट काढली तर ताईंकडे सुट्टे नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या सत्तरीच्या गृहस्थांनी आपली पॉवर बँक माझ्यापुढे सरकवली. (तुमची आणत असाल तर एक लक्षात ठेवा. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानात तिथलं '३सी' चिन्ह नसलेली पॉवर बँक जप्त होते.) फोन जिवंत होईपर्यंत गप्पा झाल्या. गृहस्थ निवृत्त वृत्तछायाचित्रकार निघाले. उद्या कुठे, असं विचारलं. मी म्हटलं, शिज्याझुआंग, डॉक्टर कोटणीस.

"के दीहुआ!" हे कोटणीसांचं चिनी नाव ते एवढ्यांदा म्हणाले की ताई वळून बघायला लागल्या. मग त्यांनी आपल्या फोनवर एक फोटो शोधून दाखवला. १९४० सालचा. सेनापती न्ये रोंगजेन, शेजारी भारतातून आलेले डॉ. बसू आणि डॉ. कोटणीस. "हा कुणी काढला माहीत आहे? शा फेई."

शा फेईंची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. मूळचे कँटनचे. ऑक्टोबर १९३६ मध्ये शांघायच्या एका प्रदर्शनात लेखक लू शुन तरुण चित्रकारांशी बोलत बसले होते, त्यांचे फोटो शा फेईंनी काढले. अकरा दिवसांनी लू शुन गेले. फोटो देशभर छापले गेले आणि शा फेई हे नाव झालं. पुढे ते कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेसोबत उत्तरेच्या डोंगरांत गेले, १९४२ मध्ये तिथे चित्रमासिक काढलं. युद्धाने माणूस पोखरला. डिसेंबर १९४९ मध्ये ते शिज्याझुआंगच्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात क्षयाचे उपचार घेत होते. तिथे त्यांनी आपल्यावर उपचार करणाऱ्या जपानी डॉक्टरला गोळी घातली. मार्च १९५० मध्ये त्यांना मृत्युदंड झाला. १९८६ मध्ये लष्करी न्यायालयाने पुन्हा तपासून म्हटलं, गुन्ह्याच्या वेळी ते मनोरुग्ण होते, आणि शिक्षा रद्द केली.

त्या रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. कोटणीस.

म्हाताऱ्याने फोन बंद केला, नूडल्सचं पाणी प्यायला, आणि माझ्या वानथ्वोचे पैसेही देऊन टाकले. मला उठूही दिलं नाही.

दिवस सहावा (बुधवार) : शिज्याझुआंग

पर्यटकांसाठी ह्या शहरात फारसं काही नाही, असं सगळे सांगतात. रुंद रस्ते, औषधांचे कारखाने, गाढवाच्या मांसाचे पाव. मला तीन तास हवे होते. झोंगशान रस्त्यावरच्या हुतात्मा स्मशानभूमीत प्रवेश फुकट, पासपोर्ट जवळ ठेवा.

द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० सोलापूर, वैद्यकीचं शिक्षण मुंबईच्या जी. एस. कॉलेजात. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. दुसरे एक मराठी, नागपूरचे डॉ. चोळकर. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. कुओ छिंगलान ह्या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव 'यिनहुआ', भारत आणि चीन. साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, फेफऱ्याच्या झटक्यांनी वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. हे आम्हाला चौथीतच पाठ. पण खरं सांगतो, डोळ्यांसमोर चेहरा यायचा तो व्ही. शांताराम यांचा. १९४६ च्या सिनेमात त्यांनीच कोटणीसांचं काम केलं होतं आणि आमच्या आख्ख्या गावाला तोच चेहरा ठाऊक. काल त्या गृहस्थांच्या फोनवर मी पहिल्यांदा खरा माणूस नीट पाहिला होता. लहान चणीचा, सावळा, डोक्यावर सैनिकी टोपी.

सायप्रसच्या झाडांच्या रांगांमधून चालत गेलं की एकीकडे कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांची समाधी, आणि दुसरीकडे आमचे डॉक्टर. पुतळ्यापुढे कुणीतरी पिवळी शेवंती ठेवलेली. मी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी नेली होती. ठेवावी की नाही कळेना. हातातच धरून उभा राहिलो.

पानं झाडणाऱ्या एक बाई थोड्या वेळाने जवळ आल्या. साठीच्या, डोक्यावर गवती टोपी. "यिंदू?" इंडिया? मी मान हलवली, पुतळ्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि म्हटलं, "सोलापूर." त्यांना कळलं नाही. भाषांतरात टाकलं, 'मी त्यांच्या गावचा.' बाईंनी झाडू सायप्रसला टेकवला. माझा दंड धरला आणि मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं की मला शर्टाची चुरगळ जाणवली.

त्यांच्या भाषेत अशा बाईंना 'आयी' म्हणायचं, म्हणजे मावशी. मला ते म्हणायला फारच सोपं गेलं. आयींनी एक गोष्ट सांगितली. डोंगरातली माणसं डॉक्टरांना प्रेमाने 'हेई मामा' म्हणत. फोनने भाषांतर दाखवलं, 'काळी आई'. मी ते दोनदा वाचलं. आमच्याकडे काळी आई म्हणजे जमीन, आणि हे मी आयींना समजावू शकलो नाही. तीनदा प्रयत्न केला, फोन दर वेळी काहीतरी शेतीखात्याचं बोलत होता.

मग मी त्यांना माझ्या फोनमधला सोलापूरच्या स्मारकाचा फोटो दाखवला. कोटणीसांचं जुनं घर, दारातला अर्धपुतळा. आयींनी लगेच आपला फोन काढला आणि माझ्या फोनच्या पडद्याचाच फोटो काढला. एक तिरका आला, दुसरा काढला. मग मला पुतळ्याशेजारी उभं केलं. हात कुठे ठेवायचे, मान कुठे, सगळं सांगितलं. शर्टाची कॉलर स्वतः नीट केली. चार पावलं मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या आणि माझी हनुवटी दोन बोटांनी खाली केली.

"ई, अर, सान!"

"छ्येझ," मी म्हटलं.

चटणी आयींना दिली. 'भातावर घ्या, आधी थोडीच,' असं फोनवर लिहून दाखवलं. पत्त्याची पंचाईत झाली. वीचॅट भारतात २०२० पासून बंद, व्हॉट्सॲप तिथे बंद. शेवटी त्यांची भाची नर्सिंगला आहे, तिच्यासाठी माझा ई-मेल कागदावर लिहून दिला.

दिवस सातवा (गुरुवार) : परत

सकाळच्या गाडीने बीजिंग, तिथून विमानतळ. घाई होती, लिहिण्यासारखं काही नाही. पानज्यायुआनचे तीन फोटो आईने घरात घेऊ दिले, पण देव्हाऱ्याच्या भिंतीवर नाही. ते खाली झेरॉक्स मशीनच्या वर काचेखाली आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, कोण हे? बाबा सांगतात, "आमचे लांबचे."

१० डिसेंबरला सकाळी एक मेल आला. भाचीने इंग्रजीत दोनच ओळी लिहिल्या होत्या. मावशीने काल मुद्दाम पाठवायला सांगितलं, आणि चटणी खूप तिखट होती, पण संपली. सोबत फोटो. पुतळ्यापुढे ढीगभर शेवंती, धुकं, आणि कोपऱ्यात झाडूचा दांडा.

मी तो बाबांना मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिला.

"लाइट छान मिळालाय बाईला," ते म्हणाले. "फक्त क्षितिज जरा वाकडं आलंय. सांग तिला."